तो झेंडूचा डाग नव्हता

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार, सकाळची शाळा, प्रार्थना आणि प्रतिज्ञा नुकती संपलेली, घड्याळात सात चाळीस. ती नववीत आहे, वय चौदा. पी.टी.च्या सरांनी लाकडी पट्टीनं तिची वेणी बाजूला सारली, मान बघितली आणि तिला रांगेतून काढून झेंड्याच्या कट्ट्याजवळ उभं केलं. शाळेकडे पाठ करून, म्हणजे मान सगळ्यांना दिसेल.

"ही बघा," सर म्हणाले. "फुलवाल्यांच्या घरची. देवाला हार पोचवतात आणि स्वतः आठवडा आठवडा मान धूत नाहीत."

शाळा हसली. मग तिला नळावर जाऊन मान धुऊन यायला सांगितलं. नळाला पाणी नव्हतं. ती कोरड्या नळापुढे तास सुरू झाल्याची घंटा होईपर्यंत उभी राहिली, कारण परत गेली असती तर ओली मान दाखवावी लागली असती.

पत्रकं लिहून लिहून मला ही सवय लागली आहे. पहिल्या ओळीत कोणावर, कधी, कुठे. दुसऱ्या ओळीत कोणी. शेवटी मागणी. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मी पत्रकं लिहिते. बसच्या फेऱ्यांसाठी लिहिली, मुलींच्या स्वच्छतागृहांसाठी लिहिली, सीबीएसच्या बसस्टँडवर गठ्ठा काखेत मारून वाटली. हे पत्रक मात्र दुसऱ्या ओळीवरच अडतं. "कोणी" या शब्दापुढे सरांना लिहिलं की काम संपत नाही. तिथे मीही येते. ते कसं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

आमचं घर नाशिकच्या कडेला, मातोरीच्या रस्त्याला. शेतात झेंडू, थोडी शेवंती. झेंडू खुडला की बोटं आधी हिरवी होतात, मग काळी. तो चीक साबणाला दाद देत नाही. लिंबाची फोड मिठात बुडवून घासली की निघतो. आमच्या घरात लिंबू जेवणापेक्षा बोटांनाच जास्त लागतं. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत आम्ही सगळे पहाटे शेडमध्ये बसून माळा ओवतो. ओवलेली माळ पाटीत टाकली तर गुंतते आणि खालची फुलं चिरडतात. म्हणून आमच्याकडे माळा गळ्यात घालूनच शेडपासून टेम्पोपर्यंत न्यायच्या. एका खेपेला दहा-बारा. दव धरलेल्या, जड. मान खाली जाते आणि नाकात नुसता झेंडू.

बहीण सातवीत असताना तिच्या मानेवर मागच्या बाजूनं काळी पट्टी दिसायला लागली. आईनं एका नजरेत निकाल दिला.

"माळांचा डाग हे तो. लिंबू लाव."

लिंबू लावलं. मग बेसन-दही, मग खायचा सोडा. आईनं तिचं माळा वाहणं बंद केलं. वर्ष झालं, पोरगी एक माळ गळ्यात घालत नाही आणि डाग तिथंच. उलट जाड झाला. बोट फिरवलं तर सांबराच्या कातड्यासारखा लागायचा. आई चिडायची.

"काय गं, मान धुती का नाय तू? का नुसतं पाणी दाखवती?"

"धुते गं आई. तू ये ना बघायला बाथरूममध्ये."

"उलट बोलू नको. मानीकडं बघ आधी."

माळा मीही वाहते. आई तर लग्न होऊन आल्यापासून वाहते. आमच्या दोघींच्या माना स्वच्छ आहेत. ही एवढी साधी गोष्ट घरात दोन वर्षं कोणाच्या डोक्यात आली नाही. बाहेर मी लोकांना प्रश्न विचारायला शिकवत होते आणि घरी आई म्हणते म्हणून लिंबू कापून देत होते.

त्या शनिवारी ती घरी आली. दप्तर टाकलं, शेडमध्ये येऊन सुई-दोरा घेतला आणि ओवत बसली. मला तिच्या वर्गातल्या मुलीच्या आईकडून कळलं, तेही तीन दिवसांनी. मी विचारलं तर म्हणाली, "झालं ते झालं. तुझं पत्रक काढू नको यावर. आधीच लई हसलेत."

मी पत्रक काढलं नाही. मी त्याहून वाईट केलं.

नरकचतुर्दशीची आंघोळ. पाणी तापलेलं, उटणं कालवलेलं. मी तिला पाटावर बसवलं आणि ठरवलं की आज हा डाग काढायचाच, सुट्टीनंतर शाळेत गेली की सरांच्या तोंडावर मारायची स्वच्छ मान. उटण्यानं काही होईना. मग मी वज्री घेतली.

"ताई, ती पायाची आहे ना?"

"गप बस. आज काढतेच."

मी घासत राहिले. ती पाटाची कड धरून बसली होती, बोटं पांढरी पडलेली. बाहेरून आईनं विचारलं, "निघतंय का?" मी म्हणाले, "निघतंय." जे निघत होतं ते रक्त होतं. पिवळ्या उटण्यात ते आधी नारिंगी दिसलं, म्हणून मला कळायला वेळ लागला. बहीण एकदाही ओरडली नाही. हे मला अजून सहन होत नाही. तिलाही वाटत होतं की घाण आहे आणि ती काढायला दुखणारच.

सुट्टी संपून शाळा उघडली आणि तिनं खो-खो सोडला.

हे समजायला खो-खो काय होता ते माहीत हवं. पोरगी पाठलाग करायची तेव्हा जमिनीला चिकटून जायची. खांबाला वळसा घालताना तिचा हात खांबावर आणि अंग वाऱ्यावर. शाळेच्या संघात आठवीपासून होती. पण खो-खोत बसायचं असतं ओळीत, उकिडवं, मान पुढं काढून, आणि मागून खो देणारा हात पाठीवर पडतो. मागच्याला सगळ्यात आधी मान दिसते. तिनं कारण दिलं, "पुढच्या वर्षी दहावी आहे." आईला बरंच वाटलं. "चला, अभ्यासाला तरी लागली."

आता ती साडेपाचला घरी यायची आणि आडवी व्हायची. चहा, त्यात खारी, मग बिस्किटं. सकाळचंही तेच, कारण आई-बाबा पहाटेच फुलबाजारात गेलेले असतात आणि चूल दहाला पेटते. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाबाहेरची कुरकुरीत पुडी. जेवण झालं की डोळे मिटायचे, तासाभरानं पुन्हा भूक. शाळेचा शर्ट पोटावर घट्ट, हातपाय मात्र काडीसारखे. गळ्याशी बटण लावून वरून ओढणी, दुपारच्या उन्हातही. पाळी दोन-दोन महिने यायची नाही. आई म्हणाली, उष्णता. बाबा म्हणाले, वय. मी म्हणाले, मोबाईल. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं आणि प्रश्न एकानंही विचारला नाही.

वज्रीची जखम भरली आणि मान पहिल्यापेक्षा काळी झाली. आईनं मेडिकलमधून गोरेपणाचं मलम आणलं. त्यानं कातडी लाल झाली, आग व्हायला लागली. तेव्हा कुठे आम्ही तिला शहरात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. आई, बाबा, ती आणि मी. बाबा मुद्दाम आले, कारण आईनं त्यांना सांगितलं होतं, लेसर का काय ते करायला लागलं तर.

डॉक्टरीणबाईंनी वेणी वर करायला सांगितली. बहिणीनं ती हळूच वर केली आणि डोळे मिटले. मी ते पाहिलं. पट्टीची वाट बघत होती.

बाईंनी पट्टी घेतली नाही. बोट फिरवलं, मग काखा बघितल्या, पोटाभोवती टेप लावली.

"हे कशानं घासलंत?"

मग मीच म्हणाले, "वज्रीनं. मी."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बाबांकडे वळल्या. "घरात साखर कोणाला आहे?"

"मला," बाबा म्हणाले. "पण ती माझी हे. मी गोळी घेतो."

"आणखी कोणाला?"

"माझ्या बापाला होती. त्याचा पाय काढला होता. पण डॉक्टर, आपण मानीचं बघायला आलोय ना?"

"मानेचंच बघतेय," बाई म्हणाल्या. "हा मळ नाही. हा आतून आलेला आहे."

मग त्यांनी समजावलं. आम्हाला नाही, तिला. खुर्ची तिच्याकडे ओढून. खाल्लेल्याची साखर होते, ती पेशींत न्यायचं काम इन्सुलिनचं. पेशी ऐकेनाशा झाल्या की शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, मग आणखी जास्त. ते सतत जास्त राहिलं की मानेची, काखेची कातडी जाड आणि काळी होते. पोटाच्या आतली चरबी नुसती पडून राहत नाही. ती शरीरात बारीक, सततची सूज चालू ठेवते. ताप येत नाही, दुखत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. आणि पेशी आणखी बहिऱ्या होतात.

"म्हणजे मला साखर झाली?" बहिणीनं विचारलं.

"रक्त बघितल्याशिवाय सांगणार नाही. पण तुझी मान दोन वर्षं ओरडून सांगतेय. तुम्ही तिचं तोंड दाबत होता."

आई रडायला लागली. बाई म्हणाल्या, "मावशी, रडू नका. हे लवकर कळणं चांगलं असतं." आई म्हणाली, "लवकर कुठं? दोन वर्षं लिंबू घासलं की मी."

रक्त दिलं. उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, दोन्ही काठावर निघाल्या. मधुमेह नाही, पण ठीकही नाही. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. चौदा वर्षांच्या पोरीच्या यकृतावर. बाईंनी औषध दिलं नाही. म्हणाल्या, आता तीन महिने हेच औषध: सकाळी चहा-खारीऐवजी भाकरी, अंडं, मोड आलेले मूग, काहीही, पण खरं जेवण. गोड चहा बंद. झोप पूर्ण. आणि रोज घाम येईपर्यंत पळणं. "तू खेळतेस का काही?"

बहीण म्हणाली, "खेळायचे."

"सोडलंस कधी?"

तिनं शनिवार सांगितला नाही. म्हणाली, "दिवाळीनंतर."

"पुन्हा धर. तीन महिन्यांनी रक्त परत बघू. तुझ्या वयात इथून मागं फिरता येतं. उशीर केलास तर अवघड होत जातं."

रिक्षात आम्ही चौघं दाटीवाटीनं बसलो होतो. मी म्हणाले, "उद्यापासून मैदानावर." ती बाहेर बघत म्हणाली, "त्या मैदानावर मी पाय ठेवणार नाही. तुमच्या साखरेचं काय करायचं ते करा."

"तुमची नाही, तुझी."

"माझी कशी? माझ्या मानेला घाण म्हणायच्या वेळी ती माझी. आता साखर पण माझीच."

घरी आल्यावर चहा झाला तेव्हा बाबांनी कपात साखर घातली नाही. दुसऱ्या दिवशी घातली. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. त्यांचं अजून तसंच चाललंय.

मी मात्र पेटले होते. मला वाटलं, गुन्हा सापडला, गुन्हेगार सापडला. ज्या पोरीला पळणं हेच औषध होतं, तिचं पळणं एका पट्टीनं बंद केलं. मागणी डोक्यात तयार होती: सरांनी प्रार्थनेच्या वेळी, त्याच कट्ट्याजवळ माफी मागावी. दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला मी मुख्याध्यापक बाईंच्या दारात होते. ती माझीही शाळा. बाईंनी मला सहावीत मराठी शिकवलंय.

मी उभ्यानंच सगळं बोलले. डॉक्टरांचा कागद टेबलावर ठेवला. बाईंनी तो सावकाश वाचला, चष्मा काढला.

"वाईट झालं. मला माहीत नव्हतं. पण तपासणी आम्ही मनानं नाही सुरू केली."

"मग?"

त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक कागद. शनिवारची स्वच्छता तपासणी. नखे, केस, कान, मान, रुमाल. खाली बारीक अक्षरात आमच्या विद्यार्थी संघटनेचं नाव आणि त्याखाली माझं.

"तुझंच पत्रक ना हे? चांगलं लिहिलं होतंस. म्हणून तर लावलं."

मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. शाळांच्या स्वच्छतेसाठी पाच मागण्या. नळाला रोज पाणी. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी. वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा. फाटकाबाहेर पुड्यांच्या टपऱ्या नकोत. चारवर थांबले होते. आमच्यातला एक जण म्हणाला, "सगळं शाळेकडूनच मागतोय, पालकांनाही बरं वाटेल असं काहीतरी घाल." मी दोन मिनिटांत पाचवी घातली: दर शनिवारी नखे, केस, कान, मान, रुमाल यांची तपासणी व्हावी. यादी मला लहानपणापासून पाठ होती, कोणी केली ते माहीत नव्हतं. "मान" हा शब्द लिहिताना एक सेकंदही थांबले नाही.

नळ, कडी, डबा, टपरी यांना खर्च होता किंवा भांडण होतं. पाचवीला एक पट्टी पुरली. शाळेनं यंदा पाचवी मागणी तेवढी मान्य केली.

"ही मानेची ओळ काढा," मी म्हणाले.

"संस्थेच्या बैठकीत ठेवावं लागेल गं. भिंतीवरचं काही काढायचं तर..."

"लावताना बैठक झाली होती?"

बाई हसल्या आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

घरी येऊन मी बहिणीला सांगितलं. शेडमध्ये, ती दोऱ्यांची गुंडाळी सोडवत होती. ऐकून घेतलं.

"म्हणजे सरांच्या हातात पट्टी तू दिलीस."

"हो."

"आणि वज्री पण तूच."

"हो."

"मग सरांनी माफी मागावी असं कशाला म्हणतेस? तू माग. शनिवारी. तिथंच उभी राहून. माझं नाव घ्यायचं नाही, माझ्या मानेचंही नाही."

"मग तू मैदानावर जाशील?"

"ते सौदा करून सांगणार नाही. आधी उभी तर राहा. बघू तुला कसं वाटतं."

मी माईकवर शंभरदा बोलले असेन. त्या शनिवारी कट्ट्याजवळ पहिल्यांदाच माफी मागायला उभी राहिले. समोर रांगा. बहीण नववीच्या रांगेत, ओढणी गळ्याशी. मुख्याध्यापक बाईंनी माझी ओळख माजी विद्यार्थिनी म्हणून करून दिली, जणू बक्षीस समारंभ आहे.

मी म्हणाले, दोन वर्षांपूर्वी मी एक यादी लिहिली. त्यात मान लिहिली. ती चूक होती. काही मुलामुलींच्या मानेवर, काखेत जो काळा, जाडसर पट्टा येतो तो मळ नसतो. तो घासून जात नाही, घासल्यानं वाढतो. त्याचा अर्थ कधी कधी असा असतो की शरीर साखरेशी झगडतंय. अशा मुलाला नळावर पाठवायचं नसतं, डॉक्टरकडे पाठवायचं असतं. आणि मान स्वच्छ असली म्हणजे साखर ठीकच आहे असंही नाही. ज्यांना या यादीमुळे हसलं गेलं त्यांची मी माफी मागते.

सर बाजूला उभे होते. त्यांना राहवेना.

"म्हणजे आता मुलांनी आंघोळच करायची नाही का, ताई?"

शाळा पुन्हा हसली. तसंच हसू. मला तेव्हा कळलं, पाठ करून उभं राहिल्यावर ते कुठं लागतं.

तेवढ्यात दहावीच्या रांगेतून खो-खोच्या संघाची कर्णधार म्हणाली, हात वर न करता, नेहमीच्या मैदानावरच्या आवाजात, "ताई, काखेत असलं तर?"

आणखी हसू फुटलं. ती वळली, "दात काय काढता? माझ्या आहे. आई रोज लिंबू लावते." मग माझ्याकडे, "सांगा ना ताई. तेच का ते?"

कोणी हसलं नाही. मी म्हणाले, असू शकतं, बघून घे, घाबरू नको. बहिणीकडे मी मुद्दाम बघितलं नाही.

फाटकाशी सरांनी मला गाठलं. मला वाटलं भांडतील. ते पडेल आवाजात म्हणाले, "मला काय माहीत? मला कोणी शिकवलंय हे? यादी आली, मी तपासली."

"विचारायचं होतं, सर."

"तुम्ही विचारलं होतं का, लिहिताना?"

नव्हतं विचारलं. त्यांनी तिला सगळ्या शाळेसमोर फुलवाल्यांची म्हणून हिणवलं, ते कुठल्याही यादीत नव्हतं. ते त्यांचं. बाकीचं माझं.

पुढच्या रविवारी कर्णधार आमच्या शेडमध्ये आली. मला नाही, बहिणीला भेटायला. येऊन बसली, सुई घेतली, वाकडंतिकडं ओवायला लागली.

"फुलं मारतेस का ओवतेस?" बहीण म्हणाली.

"पाठलागाला माणूस कमी आहे."

"दुसरी बघ."

"बघितली. पळताना तोंडानं पळते ती. माझं पण रक्त काठावर निघालंय, सांगितलं का तुला कोणी? आई म्हणते आता खेळ बंद, आराम कर. मी म्हटलं, डॉक्टर उलटं सांगतेय." मग सुई बोटात घुसली आणि ती ओरडली. बहीण हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

सोमवारी ती मैदानावर गेली, ओढणी गळ्यात घेऊनच. गुरुवारी ओढणी कमरेला बांधलेली दिसली. मी कुंपणाबाहेरून बघत होते. पहिल्यासारखी पळत नाही. दोन वळशांत धाप लागते, खांबाला धरून उभी राहते, पुन्हा निघते. आता पहाटे आईच्या आधी मीच उठते आणि भाकरी टाकते. वाकड्या होतात. ती खाते आणि टोमणा मारते, "हे पण पत्रकात वाचून करतेस का?" फाटकाबाहेरची टपरी तिथंच आहे. नळाला अजून पाणी नाही. मान अजून काळी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरेल, वेळ लागेल, रोज आरशात बघू नको.

रक्त पुन्हा द्यायला तीन आठवडे उरलेत. आकडा मागं फिरलाय की पुढं सरकलाय, मला माहीत नाही. आईनं कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती गोल केलाय आणि ती रोज त्याकडे बघून काहीतरी पुटपुटते. मी स्वस्थ बसू शकत नाही. पत्रक लिहायला घेते, फाडते.

कारण माझ्या शाळेतली मानेची ओळ अजून भिंतीवर आहे. संस्थेची बैठक झालेली नाही. सर ती ओळ सोडून पुढं जातात, एवढंच. आणि ते पत्रक फक्त आमच्या शाळेत गेलं नव्हतं. आम्ही गठ्ठे बांधून एसटीनं पाठवले होते, सटाण्याला, कळवणला. एकलहऱ्याला मी स्वतः वाटलं होतं. पाचवी मागणी स्वस्त होती, तेव्हा ती कुठं कुठं मान्य झाली असेल, किती शनिवारी किती वेण्या पट्टीनं बाजूला झाल्या असतील, मला मोजता येत नाही. सगळ्या भिंतींपर्यंत मी एकटी पोचू शकत नाही. तुम्ही पोचू शकता.

म्हणून मागणी तुमच्याकडे. या शनिवारी तुमच्या मुलांच्या शाळेत जा. तपासणीची यादी दाखवा म्हणा. त्यात मान असेल तर मुख्याध्यापकांसमोर पेन काढून तो शब्द खोडा. बैठकीची वाट बघू नका. मग घरी या, पोराची किंवा पोरीची वेणी, कॉलर हातानं, हळू बाजूला करा आणि बघा. काळं दिसलं तर लिंबू, वज्री, मलम खाली ठेवा, आणि सोमवारी त्याला रक्त तपासायला घेऊन जा.